हाकेची कपार

शाळेतली हजेरी ऐकून तुम्ही हसलात, त्याचं काही वाटून घेऊ नका. खैरदऱ्यात पहिल्यांदा येणारा माणूस हसतोच. सोनपिसारा गांगुर्डे, मेघपावली पवार, अशी नावं तुम्ही कुठे ऐकलेली असणार? दाखला काढायला गेलं की साहेब विचारतात, हे घरातलं नाव झालं, खरं नाव काय? आम्ही सांगतो, हेच खरं.

समोर कड्यात करवंदीच्या जाळीमागे काळी फट दिसते ना, ती हाकेची कपार. आमची नावं तिथून आली, असं सांगतात.

पेंढाऱ्यांचा काळ होता. ज्वारी काढणीला आली की त्यांची घोडी खोऱ्यात उतरायची. दाणे न्यायचे, भांडी न्यायचे, आणि पोरंही उचलून परमुलखात विकायचे म्हणे. एका दुपारी गावची माणसं लांबच्या शिवारात असताना ओढ्यापलीकडे धूळ दिसली. गावात होती ती भाकरी भाजता भाजता गोष्ट सांगणारी राहीआजी आणि तिच्याभोवती ऐकत बसलेली पोरं. आजीने सगळ्यांना उठवलं आणि गोष्ट न थांबवता कपारीत नेलं.

आजीची गोष्ट गावातल्या प्रत्येकीने लहानपणी ऐकलेली होती. तिच्यात ढगांवरून चालणारी मेघपावली होती, पिसं झडली की ऊन पडायचं असा सोनपिसारा होता, अशी कितीतरी मंडळी होती. कपारीत आजीने एकेका पोराला गोष्टीतलं एकेक नाव दिलं. खाली एक मायावी बाई फिरते, ती आईच्या आवाजात तुमचं जुनं नाव घेईल, तिला ओ द्यायची नाही, असं बजावलं. सगळ्यात धाकट्या रायाची पाळी आली तेव्हा नावं संपली होती. आजी त्याला म्हणाली, "तू निजतारा. तू निजलास तरच आभाळात बाकीचे तारे उगवतात."

इकडे पेंढाऱ्यांना गावात रिकामे पाळणे आणि चुलीवर ऊन ऊन भाकरी सापडल्या. पोरं जवळच आहेत हे त्यांनी ओळखलं. रायाची आई येसू सरपण घेऊन येताना त्यांच्या हाती लागली. तिला कड्याखाली आणून मानेवर सुरा ठेवला आणि पोरांना हाका मारायला सांगितलं. दुसरीच्या लेकराला हाक मारायला तिचं तोंड उघडेना. म्हणून तिने आपल्याच लेकराला साद घातली.

"राया, ए राया."

वर राया उठून बसला. आजीने त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "तू कोण रे?"

"निजतारा," तो म्हणाला, आणि डोळे घट्ट मिटून तिच्या मांडीवर पडला.

येसू हाका मारत राहिली. दर हाकेनंतर दरी गप्प राहिली, की तिच्या छातीतला दगड थोडा हलका व्हायचा, असं सांगतात. शेवटी शिवारातून माणसं गोफणी घेऊन धावत आली, तसे पेंढारी तिला टाकून पळाले.

दिवस कलला. आयाबाया कड्याखाली जमल्या आणि आपापल्या लेकरांना बोलावू लागल्या. कोणी ओ देईना. आजीही गप्प, कारण कुणाच्या मानेवर अजून सुरा आहे की नाही, हे तिला वरून कसं कळावं? खाली बायका रडायला लागल्या. नेली पोरं, असंच त्यांना वाटलं.

येसूचा घसा बसला होता. पण हाकांना एकही पोर फसलं नाही, यात आजीच्या गोष्टीचंच काहीतरी असणार, हे तिच्या ध्यानात आलं. तिने उरलासुरला आवाज काढून हाक दिली, "मेघपावली!"

"ओ," वरून आवाज आला, आणि जाळीतून दुसरीचीच मुलगी बाहेर आली. मग सगळ्याजणी आठवतील ती नावं घेऊ लागल्या. कुणाच्या हाकेला कुणाचंही लेकरू येई. जी जवळ असेल ती त्याला छातीशी धरी. आपलं-परकं त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

गोष्टीतली नावं संपली. राया काही आला नाही. 

तेवढ्यात राहीआजी सावकाश उतरताना दिसली. तिच्या खांद्यावर राया गाढ झोपलेला होता.

"हा गोष्टीत नव्हता गं," आजी म्हणाली. "नाव कमी पडलं म्हणून नवा घातला."

येसूने त्याला उठवलं नाही. तसाच घेऊन ती घरी गेली.

आजही खैरदऱ्यात बारशाला बाळंतीण कड्याखाली थांबते. शेजारणी बाळाला कपारीत नेतात. आई खालून गोष्टीतलं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेते. बाळ कुठून ओ देणार? म्हणून वरच्या सगळ्याजणी मिळून देतात. ती ओ ऐकली, की खाली आईचा जीव भांड्यात पडतो.