उष्टं लाकडी कासव

एका जंगलात पांगाऱ्याच्या झाडावर एक सुतारपक्षी ऱ्हायचा, आन त्येचं डोकं कायम तापलेलं असायचं. ढोलीखाली कुनी उभं ऱ्हायलं तरी वरडायचा, न बोलता निघून गेलं तरी वरडायचा. पन चोच अशी, की लाकडातनं जीव काढावा. जंगलातल्या समद्या लेकरांची खेळनी त्योच करायचा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पोराच्या डोक्यात पडलं तरी खोक पडत न्हाई, म्हनून तेवढंच घ्यायचा. ते सावलीत वाळवायचा, कोरायचा, खरखरीत पानांनी घासायचा, आन वरनं हळद न्हाईतर पळसाच्या फुलांचा रंग द्यायचा.

त्येची एक रीत व्हती. खेळनं झालं की त्यो ते जिभेनं समदीकडनं चाटून बघायचा. सुतारपक्ष्याची जीभ लांब असती पोरांनो, चाकाच्या भोकातनं बी फिरून येती. कुठं कुसळ ऱ्हायलं तर ते आधी त्येच्या जिभेत घुसायचं. मग चार शिव्या घालायचा आन पुन्हा घासायला बसायचा. जनावरं हसायची. म्हनायची, ह्यो उष्टी खेळनी वाटतो. त्यो म्हनायचा, "तुमची पोरं खेळन्याशी खेळत न्हाईत, खेळनं खात्यात. डोळे हायत का न्हाईत तुम्हाला?"

त्या जंगलात एक अस्वलीन व्हती. तिचं आधीचं पिल्लू ओढ्याच्या पुरात गेलेलं. आता हे एकच. त्येला दात यायला लागले व्हते, दिसंल ते चावायचं, दगड म्हनू नका, माती म्हनू नका, आयचा कान म्हनू नका. त्येला पहिला घास भरवायचा, म्हंजी उष्टावनाचा, कार्यक्रम ठरला. सुतारपक्ष्यानं त्येच्यासाठी एक कासव केलं, खाली चाकं, वर हळदीचा पिवळा रंग. चाटून बघितलं आन धाडून दिलं.

कार्यक्रमाची समदी सजावट मोराकडं व्हती. त्येनं ते कासव बघितलं आन नाक मुरडलं. म्हनला, ह्ये कासव हाय का घोरपडीनं चावून टाकलेलं ढेकूळ? पाव्हनं येनार, चार जनांत आपली काय शोभा ऱ्हाईल? आन ते बी उष्टं. त्येनं माकडाला हाताशी धरलं, बिब्बा फोडायला लावला आन त्येच्या तेलानं कासव काळं करून टाकलं. बिब्बा ठाऊक हाय ना? अंगाला लागला की उततो, कातडीवर फोड येत्यात, आग आग होती. पन रंग असा काळाभोर, की तोंड बघून घ्यावं.

कार्यक्रमाला समदं जंगल गोळा झालं. मधोमध कासव, चकचकीत. जो तो वा वा करतोय. मोर पिसारा फुलवून असा फिरतोय, जसं काय कासव त्येच्याच पोटातनं आलंय. अस्वलीनीनं पिल्लू मांडीवर घेतलं, आन पिल्लानं कासवाकडं पंजा टाकला.

वर फांदीवरनं सुतारपक्ष्यानं ते बघितलं आन वरडला, की हात लावू नका त्येला.

कुनी मान बी वर केली न्हाई. रोजच वरडनारा त्यो. ससा म्हनला, "काका, काल बी तुम्ही असंच वरडला. तवा निस्तं पान पडलं व्हतं."

तवा सुतारपक्षी खाली आला, मोराच्या म्होरं बसला आन जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "मोरदादा, बिब्बा लावलाय न्हवं?"

अस्वलीनीनं तेवढं ऐकलं आन पिल्लाचा पंजा धरून ठेवला.

मोर म्हनला, "लावलाय की. पाळन्याला बिब्बा बांधतात ना, दिष्ट लागू नये म्हनून? शुभ असतोय."

"बांधतात. चोखायला देत न्हाईत."

"आता वाळलाय तो. वाळल्यावर कायबी होत न्हाई."

"मग चाट."

मोरानं पिसारा मिटला, पुन्हा फुलवला, मग म्हनला, "मी कुनाचं उष्टं चाटत नसतो."

अस्वलीनीनं माकडाकडं मान वळवली. माकड सकाळपासनं हात मोठ्या पानाखाली धरून बसलं व्हतं. ती म्हनली, "भाऊ, रंगवलंस तू ना? हात दाव."

माकडानं पान बाजूला केलं. दोन्ही तळवे सुजलेले, बोटाबोटावर पान्यानं भरलेले फोड. खाली मान घालून म्हनलं, "अक्का, मी कालच दावले ह्यांना. ह्ये म्हनले, कार्यक्रम होईस्तवर झाकून ठेव."

म्हंजी मोराला ठाऊक व्हतं. इथं माझं टकुरं फिरतं, पोरांनो. चुकी कुनाची बी होऊ शकती. पन फोड डोळ्यानं बघून, ते झाकून, वर तीच वस्तू दुधाच्या दाताम्होरं ठेवायची, का, तर पाव्हन्यांनी वा वा म्हनावं. असल्याला काय म्हनायचं?

अस्वलीनीनं पंजा उगारला न्हाई. तिनं पिल्लू छातीशी धरलं आन एवढंच म्हनली, "माझं एक पोर पान्यानं नेलं. पान्याला डोळे नसत्यात. तुझ्या तर पिसापिसावर डोळे हायत."

मोर गेला. जाताना पिसारा फरफटत गेला, पन कुनी बघितलं न्हाई. ते काळं कासव काटकीनं ढकलून लांब खड्ड्यात पुरलं, आन माकडाच्या हाताला खोबऱ्याचं तेल लावलं.

पिल्लाला ह्यातलं काय कळतंय? त्येला कासव पायजे व्हतं. त्येनं असला गळा काढला, की पाव्हनं उठायला लागले. सुतारपक्षी चिडून पांगाऱ्यावर गेला, ढलपी तोडली, आन तिथंच खालच्या फांदीवर समद्यांच्या म्होरं ठकठक करत बसला. चाकं न्हाईत, रंग न्हाई, मान जराशी वाकडी. घासलं, चाटलं, कुसळ घुसलं, शिवी दिली, पुन्हा घासलं, पुन्हा चाटलं. मग ते पिल्लाकडं टाकनार, तेवढ्यात अस्वलीनीनं हात म्होरं केला. "दे इकडं." तिनं ते आख्खं कासव आपल्या तोंडात घातलं, जिभेवर घोळवलं, आन मग लेकराच्या हातात दिलं.

पिल्लानं ते घेतलं आन पहिल्याच झटक्यात एक पाय चावून तोडला.

"आरं, आत्ता केलं व्हतं की ते," असं म्हनून सुतारपक्षी वरडला. ह्या वेळी मातर समद्यांनी मान वर करून बघितलं. अस्वलीनीनं पिल्लाच्या तोंडात बोट घालून तुटका पाय काढून घेतला, आन पिल्लू उरलेलं कासव चघळत बसलं.

तात्पर्य एवढंच, की लेकराला द्यायची वस्तू चार जनांच्या डोळ्यांसाठी करू नये, लेकराच्या तोंडासाठी करावी. आन जी आपल्या जिभेवर ठेवायची आपली छाती होत न्हाई, ती त्येच्या हातात देऊ नये.