झुपकी खार आणि करंजाची सावली

एक गाव होतं. ते रोज वाढायचं. आज एक घर, उद्या दुसरं घर. वाढता वाढता गावाचं झालं शहर.

शहरात होता रस्ता. रस्त्याकडेला करंजाचं झाड. झाडावर राहायची झुपकी खार. घरट्यात तिचं इवलंसं पिल्लू.

एकदा काय झालं? पान गळलं. टप्! आणखी एक गळलं. टप्! टप् टप् टप्! झाड झालं उघडं. सावली गेली. पिल्लाला लागलं ऊन.

झुपकी म्हणाली, "झाडा झाडा, पान दे."

झाड म्हणालं, "मला तहान लागलीये गं. पाणी मिळालं, तर पान देईन."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. नळाचं पाणी वाहत होतं. झुळझुळ झुळझुळ.

"पाणी पाणी, मुळाशी जा.
झाड पान देईना,
पिल्लाला लागतंय ऊन!"

पाणी म्हणालं, "मुळांवर तर फरशी. आत जाऊ कुठून? फरशी निघाली, तर जाईन."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गवंडीमामा भिंत बांधत होते. थाप थाप, थाप थाप.

"मामा मामा, फरशी काढा.
पाणी मुळाशी जाईना,
झाड पान देईना,
पिल्लाला लागतंय ऊन!"

मामा म्हणाले, "काढतो की! पण फरशीवर मोटार उभी. मोटार हलली, तर काढीन."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मोटार होती नलूकाकूंची. काकू दुकानात झबली शिवत होत्या. खटखट खटखट.

"काकू काकू, मोटार हलवा.
मामा फरशी काढीनात,
पाणी मुळाशी जाईना,
झाड पान देईना,
पिल्लाला लागतंय ऊन!"

काकू म्हणाल्या, "अगं, मोटार घरी ठेवली, तर दुकानात येऊ कशी? बस इथं थांबतच नाही. बस थांबली, तर हलवीन."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कोपऱ्यावर लाल सिग्नल. सिग्नलला बस उभी. घरघर घरघर. झुपकी चढली खिडकीत. आत होते ड्रायव्हरदादा.

"दादा दादा, बस थांबवा.
काकू मोटार हलवीनात,
मामा फरशी काढीनात,
पाणी मुळाशी जाईना,
झाड पान देईना,
पिल्लाला लागतंय ऊन!"

दादा म्हणाले, "थांब्यावर कुणी हातच करत नाही. हात केला, तर थांबवीन."

झुपकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! झाडाजवळच्या थांब्यावर पाहते, तर कुणीच नाही.

सिग्नल झाला हिरवा. बस निघाली. घर्रर्र! आता काय करायचं?

झुपकी सरसर थांब्याच्या खांबावर चढली. अगदी टोकावर. आणि केली वर... शेपटी! इकडून तिकडे, तिकडून इकडे.

दादांनी पाहिलं. दादा हसले. खच्च!

बस थांबली,
काकूंनी मोटार हलवली,
मामांनी फरशी काढली,
पाणी मुळाशी गेलं. गट गट गट!

मामांनी बुंध्याभोवती गोल आळं केलं. मोटार राहिली घरी. काकू येऊ लागल्या बसनं. येता जाता झाडाला तांब्याभर पाणी घालू लागल्या.

आणि एका सकाळी, पान फुटलं. इवलं, लाललाल, लुसलुशीत! मग फुटली पानंच पानं. पिल्लाला मिळाली सावली. थांब्यावरच्या माणसांनाही मिळाली.

झुपकी खाली आली. दादांना म्हणाली, "चिर्र!" काकूंना म्हणाली, "चिर्र!" मामांना म्हणाली, "चिर्र!" पाण्याला चिर्र, झाडाला चिर्र.

चिर्र म्हणजे काय?

चिर्र म्हणजे, "किती चांगले आहात तुम्ही सगळे!"

पिल्लू झोपलं गारगार,
आपली गोष्ट झाली पार.