भागोजी शिंप्याचा बॅकअप

पिंपळदरी गावात भागोजी नावाचा एक शिंपी राहायचा. माणूस सरळ, हाताला सफाई, पण भोळा इतका की काही विचारू नका. शर्टाला दोन खिसे लाव म्हटलं, तर एकावर एक लावायचा. ऐकलेला शब्द तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

त्याची बायको गोदा. तिचा धाकटा भाऊ हेमंत तालुक्याला मोबाइलचं दुकान चालवायचा. हेमंतला यंत्रांचं भारी वेड. बाजारात नवा फोन आला की त्याला जेवण गोड लागत नसे. एकदा त्यानं भागोजीला एक फोन आणून दिला आणि तासभर समजावलं.

"दाजी, एकच लक्षात ठेवा. नाव, वय, कुठली म्हणून कुठली माहिती कुणाला द्यायची नाही. कितीही गोड बोलला तरी नाही."

"नाही म्हणजे नाही," भागोजी म्हणाला आणि त्यानं मनात पक्की टीप मारली.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोटात दुखू लागलं. तो दवाखान्यात गेला.

डॉक्टरांनी हसून विचारलं, "या, बसा. नाव काय?"

"सांगणार नाही."

"बरं, वय?"

"ते तर मुळीच नाही."

"अहो, निदान काय दुखतंय ते तरी सांगा!"

"किती गोड बोलता हो तुम्ही," भागोजी म्हणाला आणि त्यानं तोंड घट्ट मिटलं.

डॉक्टरांनी कान बघितले, डोळे बघितले, गुडघ्यावर टिचकी मारली. शेवटी डोकंच दुखत असेल असं ठरवून कपाळाला बाम चोळला आणि घरी पाठवलं. भागोजी पोट धरून घरी आला, पण अगदी समाधानानं.

हेमंतनं कपाळावर हात मारला. "दाजी, डॉक्टरला सांगायचं असतं! सांभाळायचं ते फोनवर. न मागता कुणी काही पाठवलं, तर उघडायचं नाही. दिसलं की उडवून टाकायचं."

भागोजीनं मनात पक्की टीप मारली.

चार दिवसांनी एसटीच्या कंडक्टरनं एक डबा आणून दिला. गोदाच्या आईनं लेकीसाठी करंज्या पाठवल्या होत्या. भागोजीनं डबा हलवून पाहिला. आपण काही मागितलं नव्हतं. तो उकिरड्यापाशी गेला आणि झाकण न उघडता त्यानं डबा लांब उडवून दिला. गोदाला कळेपर्यंत उकिरड्यावर फक्त कुत्री होती, मिश्या चाटत बसलेली.

"अहो दाजी, आईच्या हातच्या करंज्या होत्या त्या!" हेमंत फोनवर ओरडला. "आधी समोरचा माणूस खरा की खोटा ते तपासायचं. त्याच्या फोनवर ओटीपी पाठवायचा. त्यानं सहा आकडे बरोबर सांगितले की मगच आत घ्यायचं."

भागोजीनं मनात पक्की टीप मारली.

करंज्यांचं काय झालं ते विचारायला रविवारी सासूबाई स्वतःच आल्या. भर दुपारची वेळ. गोदा नदीवर गेलेली. भागोजीनं खिडकीतून पाहिलं आणि दाराला कडी घातली.

"मामी, तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवलेत. तेवढे सांगा."

"फोन घरी राहिलाय माझा. दार उघडा आधी!"

"मग तुम्ही खऱ्या कशावरून?"

"अहो, मी तुम्हाला माझी मुलगी दिलीय!"

"असं कुणीही म्हणेल," भागोजी म्हणाला.

सासूबाई तासभर ओट्यावर उन्हात बसल्या. तिकडे तालुक्याला हेमंतनं आईच्या फोनवर सहा आकडे पाहिले, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं भागोजीला फोन करून आकडे सांगितले, तेव्हा कुठं दार उघडलं. भागोजीनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी आशीर्वाद दिला नाही.

पुढे फोन मंद चालायला लागला. हेमंत म्हणाला, "आत कचरा साठलाय, साफ करा." भागोजीनं फोन साबणाच्या पाण्यात बुडवला, ब्रशनं घासला आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातला. फोन गेला. त्याच्याबरोबर एकुलत्या एक लेकीचे, उज्वलाचे, सगळे फोटोही गेले. त्या दिवशी भागोजी शिलाई मशीनसमोर नुसताच बसून राहिला. जेवलासुद्धा नाही.

हेमंत दुसरा फोन घेऊन आला. या वेळी तो रागावला नाही. शेजारी बसून म्हणाला, "दाजी, जी गोष्ट आपल्याला सगळ्यात महत्त्वाची, ती एकच ठेवून भागत नाही. बॅकअप हवा. एक हाताशी. पहिली बिघडली तर दुसरी तयार. आणि तिसरी गावाबाहेर ठेवायची."

भागोजीनं डोळे पुसले आणि दुहेरी टीप मारली.

त्याच महिन्यात उज्वलाला बघायला तीन ठिकाणची मंडळी येऊन गेली. तिघांनाही मुलगी पसंत पडली. उज्वलाला आवडला तो निंबगावचा प्रमोद, दूध डेअरीतला. गोदा नवऱ्याला म्हणाली, "निंबगावला होकार कळवा. बाकीच्या दोघांनाही काय ते नीट कळवा. ताटकळत ठेवू नका कुणाला."

भागोजी विचार करत राहिला. आपल्याला जगात सगळ्यात महत्त्वाचं काय? लेकीचं लग्न. त्यानं ओट्यावर जाऊन तीन फोन केले आणि हसत आत आला. "कळवलं तिघांनाही."

लग्नाच्या दिवशी पूर्वेकडून बँड वाजत आला. घोड्यावर प्रमोद. मंडपात धावपळ उडाली. तेवढ्यात पश्चिमेकडूनही बँड ऐकू आला. लोक म्हणाले, आवाज घुमतोय. पण गाणं वेगळं होतं! बघता बघता मंडपाच्या दारात दोन घोडे नाकाला नाक लावून उभे राहिले. दोघांवर मुंडावळ्या बांधलेले दोन नवरदेव.

"दाजी, हे काय?" हेमंत किंचाळला.

"पहिला बिघडला तर?" भागोजी शांतपणे म्हणाला. "दुसरा तयार आहे."

दोन्हीकडची मंडळी बाह्या सरसावू लागली. तेव्हा उज्वलाच हार घेऊन बाहेर आली, सरळ चालत गेली आणि तिनं तो प्रमोदच्या गळ्यात घातला. भटजींनी संधी साधून मंगलाष्टकं सुरू केली. हेमंतनं दुसऱ्या नवरदेवाच्या बापाचे पाय धरले, सगळ्यांना जिलबीच्या पंगतीला बसवलं आणि हात जोडजोडून वाटेला लावलं.

मग तो घाम पुसत भागोजीजवळ येऊन बसला. "सुटलो, दाजी. उरकलं एकदाचं सगळं."

"उरकलं ना?" भागोजी उठून टोपी घालत म्हणाला. "मग मी म्हसोबाच्या माळावर निरोप देऊन येतो. सकाळपासून तिसरी वरात गावाबाहेर ठेवलीय मी!"