पलीकडची हळद

विहिरी बोलायच्या त्या काळी माळेवाडी आणि कोथळी या गावांच्या शिवेला अलीकडे एक, पलीकडे एक अशा दोन विहिरी होत्या. माळेवाडीची विहीर भारी हेकट. उन्हाळा लागला की ती सगळे झरे जोर लावून आपल्याकडे ओढायची. "पाणी माझ्या हद्दीतलं आहे, शेजारणीला थेंब मिळायचा नाही!" पण ओढता ओढता तिचाही तळ उघडा पडत चालला.

एका सकाळी बघते तर काय, पाणी पिवळंधमक! ती ओरडली, "अरे खेकड्या, माझ्यात हळद कुणी कालवली?"

कपारीतला खेकडा म्हणाला, "इथं कुणी नाही, बाई. काल कोथळीच्या बाळंतिणीनं तिकडची विहीर पुजली. ओंजळभर हळद वाहिली."

विहीर चरकली. म्हणजे इतके दिवस ती स्वतःलाच कोरडी करत होती! तिनं झऱ्यातूनच हाक घातली, "अगं ए, ऐकतेस का? आपल्या दोघींचं पोट एकच आहे गं! आजपासून दिवसाआड ओढू, एक दिवस तू, एक दिवस मी."

हळूहळू दोघींचेही तळ पाण्यानं झाकले गेले. मग माळेवाडीत बारसं झालं आणि बायकांनी विहिरीत कुंकू वाहिलं. विहीर श्वास रोखून वाट बघत राहिली.

झऱ्यातून आरोळी आली, "पोचलं गं, पोचलं! मुलगा की मुलगी?"