जाळीचा जोड

“सुटलाय कुठं माझा जोड? दावा की मला.”

रणधीर गाडीखालून बाहेर आला तो हेच म्हणत. गाडी तिसऱ्यांदा परत आली होती आणि त्याचं उत्तर तिन्ही वेळा तेच. कपाळावरची काजळी पुसायचंही त्याला भान नव्हतं.

दस्तगीर उस्ताद बाकावर बसले होते. कराडच्या बाहेर, चिपळूण रस्त्यावर, चाळीस वर्षं सायलेन्सर जोडणारा माणूस. बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

“सुटला न्हाई,” ते म्हणाले.

“मग?”

उस्तादांनी बाकावरचा पाना उचलून पुसायला घेतला.

त्यांचं हे न बोलणं रणधीरला सहा महिने छळत होतं. त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. जागा बघून ठेवली होती, मशीनही ठरवलं होतं. पण त्या रस्त्यावरचा रिवाज असा, की उस्तादानं होकार दिल्याशिवाय चेल्याच्या दारात कुणी गाडी लावत नाही. आणि उस्ताद हो म्हणेनात, नाही म्हणेनात. वेल्डिंगमध्ये आपला हात धरणारा कोणी नाही हे याला पक्कं ठाऊक. मग चैन कुठून पडणार?

गाडी वायदंडे सिस्टरांची. ती घेऊन त्या डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं करायला जायच्या. इंजिनापासून मागं जाणाऱ्या धुराच्या पाइपात तारेच्या जाळीचा एक लवचीक तुकडा असतो, तो फाटला होता. नवा बसवायचं सोडून रणधीरनं त्यावर जाड लोखंडी नळी चढवली आणि दोन्ही टोकं वेल्ड करून टाकली. ‘आता जन्मात हलायचा न्हाई,’ असं छातीठोकपणे सांगितलं. जोड खरंच हलला नाही. मात्र दर खेपेला इंजिनाजवळ पाइप तडकू लागला.

“काल धूर आत आला, चाचा,” दारात उभ्या सिस्टर उस्तादांना म्हणाल्या. “मागं अडलेली बाई होती. तिला भोवळ आली. काचा उघडून कसाबसा दवाखाना गाठला.”

रणधीरनं मान खाली घातली. पण गप्प बसेल तर तो रणधीर कसला.

“पाइपच हलका हाय. माझं काम चोख हाय, उस्ताद.”

उस्ताद उठले. त्यांनी बॉनेट उघडलं.

“डावा हात इंजिनावर ठेव. उजवा बॉडीवर.”

त्यानं ठेवले. उस्तादांनी आत बसून गाडी सुरू केली.

“डावा काय करतोय?”

“थरथरतोय.”

“उजवा?”

“गप हाय.”

“डावाबी उजव्यागत गप कर.”

चेष्टा चाललीय, असं रणधीरला वाटलं. तरी त्यानं जोर लावला. उस्तादांनी रेस वाढवली. यानं कोपरं ताठ केली, दात आवळले, अंगाचा सगळा भार इंजिनावर टाकला. खांद्यातून कळ निघाली ती मानेत शिरली. इंजिन आपलं हलतच होतं.

“थांबलं?”

“न्हाई.”

“हात सुटला तुझा?”

“सुटतोय कशाला!”

“मग दुखतंय कुठं?”

रणधीरनं हात काढून उलटून पाहिले. तळहात दोन्ही धड होते. दुखत होता खांदा, जिथं त्यानं काही धरलंच नव्हतं. जोडही असाच धड होता, आणि पाइप तडकत होता तो दुसरीकडंच, इंजिनाजवळ.

उस्तादांनी गाडी बंद केली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

रणधीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ग्राइंडर घेतला, गाडीखाली शिरला आणि आपणच मोठ्या ऐटीत चढवलेली नळी कापून काढली. जाळीचा नवा तुकडा बसवला, इंजिनाजवळची चीर भरली. मग जाळी हातानं हलवून पाहिली. ती डुलली. सवयीनं त्याचा हात वेल्डिंगकडे गेला… आणि परत आला.

सिस्टरांनी किल्ली हातात घेतली. “खरं सांग, रणधीर. आता हलायचं न्हाई ना?”

उस्तादांनी मान वर केली नाही.

“हलंल,” रणधीर म्हणाला. “हललंच पायजे. चुकलं माझं, सिस्टर. धा दिवसांनी गाडी दावून जावा.”

सिस्टर गेल्या. रणधीर फडक्याला हात पुसत उभा राहिला. परवानगीचा विषय आज त्याच्या डोक्यातही आला नाही.

उस्तादांनी बाकावर सरकून त्याला जागा केली.

“दुकानाचं नाव काय ठिवलंस?”