चूल पेटवू नये

"पण सर, यात माझी चूक आहे का?"

हर्डीकर सर पुढ्यात परात घेऊन मेथी निवडत होते. एका काडीची पानं खुडून झाली, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बस आधी. काय झालं ते सांग."

ओजस पाठारे बसला नाही. नंदुरबारहून सकाळच्या गाडीनं नाशिकला उतरून तो थेट सरांच्या घरी आला होता. काखेत ड्रॉइंगची लांब नळी, अंगावर कालचाच शर्ट.

आर्किटेक्चरची पाच वर्षं तो सरांच्या हाताखाली शिकला. पहिल्या वर्षी एसटीच्या थांब्याचा आराखडा काढायचा होता, तेव्हा सरांनी त्याला आधी तीन दिवस थांब्यावर नुसतं बसायला पाठवलं. दुसऱ्या वर्षी भाजीबाजार. तेव्हा तो आपणहून जाऊन बायकांच्या पाट्यांशेजारी बसला होता. पुढे हात तयार झाला, संगणकावर वेग आला, बक्षिसं मिळू लागली... आणि असं जाऊन बसणं कधी सुटलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यानं सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या आवारात निवारा काढला. दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहावं, म्हणजे ऐन वेळी डोंगर उतरावा लागू नये, यासाठी. नाव दिलं 'गर्भ'. गोल भिंती, एकेकीला एकेक गोल खोली, मधे दगडी अंगण, वरून झिरपणारा प्रकाश. परीक्षेत तो पहिला आला. देशपातळीवरचं बक्षीस मिळालं. एका संस्थेनं तो निवारा खरोखर बांधला, आणि त्याचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला.

"तिथे कुणी राहतच नाही, सर," ओजस म्हणाला. "बायका केंद्रातल्या दवाखान्याच्या ओट्यावर झोपतात. गेल्या आठवड्यात एकजण आली होती. नववा महिना. एक रात्र कशीबशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी उठून घरी चालू लागली. बारा किलोमीटर. वाटेतच..."

सर थांबले.

"मूल राहिलं नाही. तिथल्या वळवी सिस्टरांनी फोन करून सांगितलं. मी काल जाऊन आलो."

"आणि ती?"

"वाचली."

ओजसनं काखेतली नळी काढून हातात धरली.

"संस्थेचे लोक म्हणतात, यांना चांगल्या इमारतीत राहायची सवयच नाही. मलाही आधी तसंच वाटलं. पण..."

"नळी उघड."

सरांनी परात बाजूला सरकवली. ओजसनं कागद जमिनीवर पसरला. हेच ते ड्रॉइंग. अंगणात उन्हाचे कवडसे, आणि त्यांतून चालणारी माणसं.

सरांनी एका आकृतीवर बोट ठेवलं. उंच बाई, खांद्याला पर्स, हातात कुत्र्याचा पट्टा.

"ही कोण?"

"कुणी नाही, सर. संगणकात तयारच असतात त्या आकृत्या. माप कळावं म्हणून घालतात."

"कुणाचं माप?"



सरांनी खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

"गेल्या आठवड्यात आलेल्या त्या बाईला झोपव. इथे. खोलीत."

ओजस गुडघ्यांवर बसला. त्यानं कॉट काढली. गोल भिंतीला ती टेकेना. मागे फट राहिली. कॉटवर त्यानं एक बाई काढली, पोट पुढे आलेलं.

"एकटी आली होती?"

"नाही. सासू होती सोबत. आणि तीन वर्षांची मुलगी."

"त्यांना झोपव."

पेन्सिल कागदावर टेकली. कॉट आणि दाराच्या मधे एक माणूस मावेल एवढीच जागा होती. तिथे सासू झोपली, तर दार उघडत नव्हतं. पेन्सिल एकदा इकडे गेली, एकदा तिकडे... आणि थांबली.

"जेवली काय ती?"

"सासूनं अंगणात तीन दगड मांडले होते. भाकरी टाकायला. रखवालदारानं उठवलं."

"का?"

"तिथे... पाटी आहे."

"कसली?"

"'येथे चूल पेटवू नये.'"

"कुणी लावली?"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ त्याला आठवली. फरशीवर धुराचा डाग दिसला, तर फोटो बिघडतील, म्हणून त्यानं तालुक्याहून मुद्दाम पाटी रंगवून आणली होती. अक्षरंही स्वतः निवडली होती. सुरेख, वळणदार.

"मी," तो म्हणाला.

सरांनी पुन्हा मेथीची काडी उचलली. ओजसला ते सहन झालं नाही. इतका वेळ दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं.

"पण तुम्हीही होतात ना, सर! परीक्षेला समोर बसला होतात तुम्ही. अर्धा तास. काय विचारलंत मला? वरून प्रकाश कसा घेतलास, एवढंच! शंभरातले एक्याण्णव मार्क तुम्हीच दिलेत. ही कॉट, हे दार, हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

ओजस त्यांच्याकडे बघतच राहिला. सर 'नाही' म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. 'नाही' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"मग... बोलला का नाहीत?"

सरांचा हात परातीत तसाच राहिला. पासष्टी ओलांडलेला तो माणूस पहिल्यांदाच त्याला म्हातारा दिसला.

"ड्रॉइंग फार सुंदर होतं, ओजस."

बाहेर एक रिक्षा थांबली, कुणाला तरी उतरवून निघून गेली.

ओजसनं कागद उचलून दोन्ही हातांत धरला. फाडावा असं मनात आलं, पण हात चालेना. त्यानं तो गुंडाळला. गुंडाळताना पेन्सिलीनं काढलेली ती बाई आत गेली.

"उद्याच जातो मी तिकडे," तो म्हणाला. "पाटी काढतो. भिंती पाडायला लागल्या तरी पाडू. आधी महिनाभर राहतो तिथे, दवाखान्याच्या ओट्यावर, त्यांच्यात."



दाराशी जाऊन तो वळला. डोळे भरून आले होते. आवाज मात्र मोकळा झाला होता, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"पाच वर्षांत शिकलो नाही, ते आज शिकलो, सर."

हर्डीकर सरांनी परात पुढ्यात ओढली.

"हो," ते म्हणाले. "मूल तिचं गेलं... आणि शिकलो आपण."