सवतींची गोधडी

एक होता राजा, त्याला दोन राण्या. थोरली बकुळा, धाकटी केतकी. केतकीला मुलगा झाला आणि बकुळेच्या पोटात दुखायला लागलं. काढ्यानं जाणारं दुखणं नव्हे बरं का, हेव्याचं!

मग काय झालं, बाळाला हुडहुडी भरली. शाली झाल्या, शेगड्या झाल्या, थंडी जाईना. तेव्हा चंद्रावरची म्हातारी चांदण्याच्या दोन पट्ट्या घेऊन उतरली.

"केतकी, तू आई. तुला पंधरा विती. बकुळे, तुला नऊ. दोन्हींचे सारखे तुकडे करा नि गोधडी शिवा. चिंधी उरली तर सगळं चांदणं विरेल. आणि तुकडा होईल तेवढा मोठा ठेवा. जेवढ्या शिवणी जास्त, तेवढी थंडी आत."

बकुळेनं काय ऐकलं? फक्त पंधरा आणि नऊ.

राजा म्हणाला, "उद्या पंडितांना विचारू." अहो, बाळाचे ओठ निळे पडले होते! उद्यापर्यंत कोण थांबणार?

केतकीनं मापून पाहिलं. एकेक वितीचे तुकडे? शिवणीच शिवणी. दोन-दोन वितींचे? चिंधी उरली. पाच-पाच वितींचे? तिच्या पट्टीत चपखल बसले, बकुळेच्या पट्टीत परत चिंधी. तिला रडूच फुटलं.

बकुळेची नजर त्या लांब पट्टीवर. "माझ्यापेक्षा लांब? बघतेच!" तिनं आपली पट्टी त्यावर ठेवली आणि कच्चकन नऊ विती कापून टोपलीत टाकल्या. केतकीकडे उरल्या सहा.

मग केतकी उसळली. "वा अक्का! तुमच्या नऊ नि माझ्या सहा? द्या ती कात्री." तिनं सहा विती कापल्या. बकुळेकडे उरल्या तीन.

मग बकुळा चवताळली. "तुझ्या सहा नि माझ्या तीन?" कच्च!

आता दोघींकडे तीन-तीन. बकुळेनं पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, ओढल्या, उलटवल्या. सुताएवढाही फरक नाही. हेवा करायचा तरी कशाचा?

मग तिनं तीच पट्टी टोपलीतल्या तुकड्यांवर ठेवून पाहिली. नऊवर तीनदा बसली, सहावर दोनदा, तीनवर एकदा. चिंधी नाहीच! याहून मोठा तुकडा दोन्हींत बसतच नाही, बरं का.

"रडतेस काय, सुई आण!" बकुळा म्हणाली.

आठ तुकड्यांची गोधडी झाली. बाळाला ऊब लागली, ओठ लाल झाले, ते चक्क घोरायला लागलं. बकुळा मात्र आपले तीन तुकडे शोधत बसली. हा माझा? की तो? आठही सारखे. शेवटी तिनं सगळ्या गोधडीवरूनच हात फिरवला, आणि बाळाचा मुका घेतला.

मग राजा, राण्या नि बाळ सुखानं नांदले. चला, मिटा डोळे. पांघरूण ओढू नका रे, दोघांना पुरेल.